चौकशीबाईंची जाहिरात

कंपनीत त्यांना सगळे चौकशीबाई म्हणत. दारातून आत आलं की डाव्या हाताला त्यांचं टेबल, टेबलावर 'चौकशी' लिहिलेली लाकडी पाटी, पाटीमागे टेलिफोन आणि टेलिफोनमागे त्या. गेली नऊ वर्षं त्या तिथे बसून लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होत्या. आवाज असा, की भांडायच्या तयारीने फोन केलेला माणूसही शेवटी "बरं, ठेवतो हं ताई" म्हणायचा.

कंपनी कॉम्प्युटर बनवायची. घरात कॉम्प्युटर असणं ही तेव्हा नवलाई होती. ज्याच्या घरी तो असे त्याच्याकडे शेजारीपाजारी नुसते बघायला येत. बाजारात कंपन्या दोनच. एक मोठी, काचेच्या इमारतीतली. दुसरी ही धाकटी, कापडाच्या जुन्या गोदामात थाटलेली. आणि गंमत अशी, की मोठ्या कंपनीच्या जाहिरात खात्याचा साहेब म्हणजे चौकशीबाईंचा सख्खा धाकटा दीर. त्यामुळे लढाई बाजारात सुरू झाली तरी तिचे फटाके घरातही वाजायचे.

त्या वर्षी मोठ्या कंपनीने रॉकेटची जाहिरात काढली. चंदेरी कपडे घातलेली एक नटी रॉकेटवर बसून ढगांतून निघालीय, मांडीवर कॉम्प्युटर, आणि खाली शब्द: 'उद्या आजच घरी आणा!' टीव्हीवर तीच, मासिकांच्या पाठीवर तीच, चौकाचौकांत तीच. एक भलामोठा फलक तर धाकट्या कंपनीच्या दारासमोरच उभा राहिला. सकाळी कामावर येताना प्रत्येकाला मान वर करून तो बघावा लागे आणि मान खाली घालून आत यावं लागे.

महिन्याभरात दुकानदारांच्या मागण्या निम्म्यावर आल्या. कंपनीच्या मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. मालक मूळचे इंजिनिअर. यंत्राशी तासन्‌तास बोलतील, पण माणसांशी दोन वाक्यांच्या वर नाही. त्यांनी जाहिरात करणाऱ्या एका फर्मचा माणूस बोलावला. तो रंगीत कागदांची गुंडाळी घेऊन आला आणि त्याने टेबलभर चित्रं पसरली.

"त्यांची एक नटी, तर आपल्या दोन. त्यांचं रॉकेट ढगात, तर आपलं थेट चंद्रावर."

मालकांनी चित्रांकडे पाहिलं, मग दाराकडे. "चौकशीबाईंना बोलवा. फोन किती येतात ते तरी कळू दे."

बाई वही घेऊनच आल्या. ती वही त्यांना कुणी ठेवायला सांगितली नव्हती. फोन करणाऱ्या प्रत्येकाला त्या सवयीने विचारत, 'आमच्याबद्दल कुठे कळलं?' आणि उत्तर टिपून ठेवत.

"फोन वाढलेत," त्या म्हणाल्या. "पूर्वी दिवसाला चाळीस यायचे, आता सत्तर येतात."

"वाढलेत?" मालक खुर्चीत सरळ झाले. "आपण तर काहीच केलं नाही."

"रॉकेटमुळे वाढलेत, साहेब. लोक विचारतात, ती रॉकेटवाली कंपनी तुमचीच ना? त्यांना रॉकेट आठवतं, बाईचे कपडे आठवतात. कंपनीचं नाव नाही आठवत. त्या जाहिरातीत फोन नंबरही नाही. मग लोक टेलिफोनच्या पुस्तकात कॉम्प्युटरवाले शोधतात आणि आपल्याला लावतात."

जाहिरातवाला खो खो हसला. "म्हणजे लग्न त्यांचं आणि जेवायला आपण!"

"जेवायला कुठे?" बाई म्हणाल्या. "फोन करतात, पण घेत नाहीत. त्यांना जे विचारायचं असतं ते कुठल्याच जाहिरातीत नसतं."

"काय विचारतात?" मालकांनी विचारलं.

बाईंनी वहीचं पान उलटलं. "चुकीचं बटण दाबलं तर फुटेल का? हात लावला तर शॉक बसेल का? माझं इंग्रजी कच्चं आहे, चालेल का? काल एक बाई म्हणाल्या, घरात मांजर आहे, चालेल का?"

जाहिरातवाला पुन्हा हसला, पण मालक हसले नाहीत. त्यांनी वही स्वतःकडे ओढून ते पान वाचलं आणि म्हणाले, "जाहिरात तुम्ही लिहा."

"मी?"

"तुम्ही."

मालकांची दोन वाक्यं संपली होती. जाहिरातवाल्याने चित्रं गुंडाळली. जाताना दारात थांबून तो म्हणाला, "बाई, जाहिरात म्हणजे स्वप्न असतं. तुम्ही गाईड छापायला निघालात."

ते वाक्य बाईंना लागलं. दोन दिवस त्यांनी पेन हातात धरलं आणि खाली ठेवलं. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या प्रश्नांना धडाधड उत्तरं देणारी बाई स्वतःच्या कोऱ्या कागदापुढे मुकी झाली.

रविवारी भावोजी जेवायला आले. दर रविवारी येत. पानावर बसण्याआधीच त्यांनी सुरुवात केली, "काय वहिनी, ऑफिसातून आमचं रॉकेट नीट दिसतं ना? मुद्दाम तिथेच उभं केलंय, तुमच्यासाठी!"

"दिसतं की. तुम्हाला मानलं, भावोजी. गावभर तुमचंच नाव आहे," बाई म्हणाल्या. "फक्त कंपनीचं नाही."

"म्हणजे काय?"

"काही नाही, जेवा."

भावोजींनी दोन महिन्यांपूर्वी आईला त्यांच्या कंपनीचा कॉम्प्युटर भेट दिला होता. तो बाहेरच्या खोलीत, कोपऱ्यातल्या टेबलावर, भरतकाम केलेल्या कापडाखाली झाकून ठेवलेला होता. भावोजींनी हळूच कापड उचललं आणि ते चक्रावलेच. पडद्यावरचा कारखान्यातला चिकटकागदही कुणी काढला नव्हता.

"आई! अजून लावलाच नाहीस?"

"लावू कशी?" सासूबाई म्हणाल्या. "ती बाई चंदेरी कपडे घालून बसते. मी काय घालून बसू?"

सगळे हसले. बाईंचे यजमान तर ठसका लागून पाणी शोधू लागले. पण बाई हसता हसता थांबल्या. सासूबाईंच्या चेहऱ्यावर गमतीचा लवलेश नव्हता. शाळेत वीस वर्षं गणित शिकवलेली ती बाई. तिला आकडे कळत होते, यंत्र कळलं असतं. पण त्या जाहिरातीने तिला सांगितलं होतं, की ही वस्तू तुझ्यासारख्यांसाठी नाही.

पानं उचलल्यावर बाईंनी कॉम्प्युटर चालू केला आणि सासूबाईंना त्याच्यापुढे बसवलं. "आई, कुठलंही बटण दाबा."

"काही झालं तर?"

"काही होत नाही. मी ऑफिसात रोज चुकीची दाबते."

सासूबाईंनी एक बोट पुढे केलं, मागे घेतलं, पुन्हा पुढे केलं आणि दाबलं. पडद्यावर एक अक्षर उमटलं. त्यांनी आणखी एक दाबलं. अर्ध्या तासाने त्यांना तिथून उठवायला दोनदा चहाची हाक मारावी लागली. भावोजी हे सगळं दारात उभे राहून बघत होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी एका बैठकीत जाहिरात लिहिली. वर्तमानपत्रात, हाताच्या तळव्याएवढी चौकट. चित्र नाही, नटी नाही.

'चुकीचं बटण दाबलं तर? काही होत नाही. आम्ही रोज दाबतो. आणखी काही विचारायचंय? फोन करा. माणूस उत्तर देईल.' खाली कंपनीचं नाव आणि नंबर.

रोज एक प्रश्न, रोज एक उत्तर. मांजराचाही आला: 'चालेल. फक्त त्यावर झोपू देऊ नका. गरम लागतं म्हणून ती हटत नाहीत.' त्या दिवशी तर फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही. दोन नव्या लाइनी घ्याव्या लागल्या. आणि आता फोन करणारे नुसते विचारून थांबत नव्हते; 'मिळतो कुठे?' हा प्रश्नही येऊ लागला.

मोठ्या कंपनीनेही हे पाहिलं. पंधरा दिवसांत समोरच्या फलकावर नवे शब्द आले. रॉकेट तेच, नटी तीच, पण खाली लिहिलेलं: 'आमच्या कॉम्प्युटरवाल्यांना प्रश्न पडत नाहीत!'

वार वर्मी बसला. गावात जो तो ते वाक्य म्हणून हसू लागला. दुकानदार फोनवर चेष्टा करू लागले. धाकट्या कंपनीत दुरुस्ती विभागाचे प्रमुख होते, त्यांना सगळे दुरुस्तीकाका म्हणत. ते सरळ म्हणाले, "बाई, आपणच आपल्या हाताने सांगितलं की आपल्या गिऱ्हाइकांना अक्कल नाही. आता बंद करा हे."

बाईंचं अवसान गळालं. मालकांकडे जाऊन 'झालं तेवढं पुरे' म्हणावं असं त्यांनी ठरवलं आणि उठल्याही. इतक्यात फोन वाजला.

"ताई, मला जरा मदत हवी होती," पलीकडून एक थकलेला आवाज आला. "मी कोर्टात टायपिस्ट होतो. आता निवृत्त झालोय. आठवणी लिहायच्या म्हणून मुलीने रॉकेटवाला कॉम्प्युटर घेऊन दिला. चार दिवस झाले, पडदा काळाच आहे. त्यांना फोन लावतो तर कुणी उचलत नाही. फलकावर लिहिलंय, प्रश्न पडत नाहीत. मग मलाच का पडला? मुलीला सांगायची लाज वाटते हो."

बाईंनी फोनवर हात ठेवून दुरुस्तीकाकांकडे पाहिलं. "त्यांच्या यंत्राचा पडदा काळा आहे."

"दुसऱ्याच्या घरची धुणी आपण का धुवायची?" काका म्हणाले.

"कारण माणूस आपल्या दारात उभा आहे."

काकांनी कपाळाला हात लावला, पण मग त्यांनीच विचारलं, "पडद्याच्या खाली उजवीकडे एक गोल कळ आहे का? फिरवायला सांगा."

बाईंनी सांगितलं. पलीकडे खुडबुड झाली, आणि मग टायपिस्ट एवढ्या मोठ्याने ओरडले की काकांनाही ऐकू गेलं, "दिसलं! ताई, दिसलं सगळं!"

बाई मालकांकडे गेल्या, पण बंद करा म्हणायला नाही. दुसऱ्या दिवशीची चौकट अशी होती: 'पडदा काळा दिसतोय? खाली उजवीकडची गोल कळ फिरवा. कॉम्प्युटर कुणाचाही असो, विचारा. माणूस उत्तर देईल.'

'कुणाचाही असो' या दोन शब्दांनी जे केलं ते शंभर रॉकेटांना जमलं नसतं. मोठ्या कंपनीची गिऱ्हाइकं धाकट्या कंपनीला फोन करू लागली. कुणाचा पडदा, कुणाची अडकलेली कळ, कुणाला नुसतं बोलायचं. दुरुस्तीकाका आधी कुरकुरले, मग स्वतःच एका फोनवर जाऊन बसले आणि दुपारचा चहाही तिथेच मागवू लागले. आणि फोन ठेवता ठेवता लोक म्हणत, "भावाला घ्यायचाय, तुमचाच घ्यायला सांगतो."

वर्षाअखेरीला दुकानदार संघाची सभा भरली. कुणाची जाहिरात किती लागू पडली याचा वाद दुकानदारांतच इतका पेटला होता, की संघाने पाचशे लोकांना प्रश्न विचारून निकाल लावायचं ठरवलं होतं. भर दुपारी सभागृह गच्च भरलं. एका बाजूला मोठ्या कंपनीचे साहेब लोक, त्यांत भावोजी. दुसऱ्या बाजूला मालक, काका आणि चौकशीबाई.

संघाचे अध्यक्ष कागद घेऊन उभे राहिले.

"पाचशेपैकी चारशे साठ जणांना रॉकेटची जाहिरात आठवते."

मोठ्या कंपनीच्या बाजूने टाळ्या कडाडल्या. काकांनी डोळे मिटून घेतले.

"ती कुणाची, असं विचारल्यावर," अध्यक्षांनी चष्मा नीट केला, "एकशे सत्तर जणांनी बरोबर सांगितलं. अठ्ठ्याहत्तर जणांना सांगता आलं नाही. आणि दोनशे बारा जण म्हणाले, ती धाकट्या कंपनीची आहे."

सभागृहात आधी कुजबुज झाली आणि मग हशा उसळला.

"प्रश्नांची चौकट तीनशे तीस जणांना आठवते. त्यांतल्या तीनशे चौदा जणांना ती कुणाची हे पक्कं माहीत आहे. आता शेवटचं. घ्यायचा झाला तर कुणाचा घ्याल? मोठ्या कंपनीचा म्हणणारे एकशे तेहतीस. अठ्ठ्याहत्तर जणांचं अजून ठरलेलं नाही. धाकट्या कंपनीचा म्हणणारे..." ते थांबले. "दोनशे एकोणनव्वद!"

मग काय झालं ते बाईंना नीट आठवतच नाही. काका खुर्चीवर उभे राहिले होते एवढं खरं. मालक, ज्यांना दोन वाक्यांपलीकडे बोलता येत नसे, ते बाईंचा हात धरून त्यांना व्यासपीठावर घेऊन गेले आणि ध्वनिक्षेपकात म्हणाले, "ह्यांनी केलं. आजपासून आमच्या जाहिरात खात्याच्या प्रमुख ह्याच. ह्या वर्षी हिंमत करून ह्यांना विचारलं, हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत शहाणं काम. आणि हो, टाळ्या जोरात वाजवा." मोजून चार वाक्यं! काकांनी ती नंतर सगळ्यांना बोटांवर मोजून दाखवली.

टाळ्या थांबेनात. तिसऱ्या रांगेतून एक सडपातळ म्हातारे गृहस्थ उठले आणि ओरडले, "ताई, मी काळ्या पडद्यावाला! नव्वद पानं झाली लिहून!" तेव्हा मात्र बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं.

खाली उतरल्यावर दुकानदारांचा गराडा पडला. कुणाला पन्नास यंत्रं हवी होती, कुणाला शंभर. काका मागण्या लिहिता लिहिता दुसरा कागद मागत होते. त्या गर्दीतून वाट काढत भावोजी आले. चेहरा उतरला होता, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

"वहिनी, वर्षभर मी रॉकेट उडवलं आणि माल तुमचा विकला."

"खरंय, भावोजी. तुमचे आभार कसे मानू तेच कळत नाही."

"मानू नका. शिकवा." ते खरंच मनापासून म्हणाले. "त्या रविवारी आई त्या पडद्यापुढे बसली ना, तेव्हाच मला कळलं होतं की मी हरणार. पण कबूल कसं करायचं?"

"आता केलंत की."

"केलं," भावोजी म्हणाले, आणि वाकून त्यांनी भर सभेत वहिनींना नमस्कार केला. बाईंनी त्यांना वरच्या वर धरलं, त्यांच्या पाठीत एक हलकी थाप दिली आणि मागण्यांचे कागद त्यांच्या हातात कोंबले.

"नमस्कार पुरे. काकांना लिहून होत नाहीये, जरा धरा हे."

आणि मोठ्या कंपनीच्या जाहिरात खात्याचे साहेब, बाह्या सरसावून, धाकट्या कंपनीच्या मागण्या उतरवून घेऊ लागले.