चवळी म्हणजे काय?

डॉक्टरीणबाई तमिळमध्ये म्हणाल्या, “कमलाक्षीअम्मा, रोज वाटीभर कारामणी खा. प्रथिनं मिळतील, साखर आटोक्यात राहील.”

मी फणकारले, “आमच्या मराठी घरी तिला चवळी म्हणतात!” त्या नुसत्या हसल्या.

हे गेल्यापासून मला एकटीच्या जेवणाचा अंदाजच येत नाही. भिजवलेली चवळी फुगून पातेलंभर झाली. ओलं खोबरं घालून तिची कोरडी उसळ, म्हणजे सुंडल केलं. सुंडल चार जणांना वाटायचं असतं, आणि शेजारी बघावं तर कुलूप!

म्हणून चेन्नईला नातीला फोन लावला. “विनुता, चवळीचं सुंडल केलंय. येतेस का?”

“चवळी म्हणजे काय, आजी?” तिनं तमिळमध्ये विचारलं.

मी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि मुकाट्यानं म्हटलं, “कारामणी.”