पूर्व गटातला पाहुणा

चिकटपट्टी केसांच्या दिशेनं ओढली तर कमी दुखतं. नोन्ना तशीच ओढत होती, सावकाश, दुसऱ्या हातानं कातडी दाबून धरत. सुजलेला गुडघा रोदिओनचा, म्हणजे पाहुण्या संघाच्या गोलरक्षकाचा होता. फुटबॉल स्पर्धेच्या पूर्व गटातल्या संघांना इतक्या लांब डॉक्टर आणणं परवडत नाही. यजमानांची डॉक्टर नोन्नाच दोन्ही संघांचं बघायची.

"तीन गोल खाल्लेस," ती म्हणाली.

"पाहुण्यानं यजमानाकडं उपाशी राहू नये."

ती हसली नाही, पण पट्टी ओढणारा हात जरा थांबला.

गटात संघच थोडे, त्यामुळे दर मोसमात त्यांची दोन-तीनदा तरी गाठ पडायची. एरवी दोघांच्या गावांमध्ये आगगाडीचे तीन दिवस. सात वर्षांपूर्वी तिनं विचारलं होतं, इथंच राहतोस का? 'हा मोसम संपू दे,' तो म्हणाला होता. नंतर कितीतरी मोसम संपले. तिनं पुन्हा विचारलं नाही. आज यंदाचाही संपला होता.

तिनं मलम चोळलं आणि उरलेली डबी वाटेसाठी त्याच्या पिशवीत टाकली. तो पिशवीकडं बघत राहिला.

बाहेर बसचा भोंगा वाजला. त्याचा प्रशिक्षक सावेलिच टोपीवरचं बर्फ झटकत आत आला.

"झालं का सगळ्यांचं? बसा रे."

प्रवासाला निघण्याआधी क्षणभर गप्प बसायचं, अशी तिकडची रीत; नाहीतर वाट धड होत नाही. खेळाडू बाकांवर, पिशव्यांवर टेकले. निरोप देणाऱ्यांनीही बसायचं असतं, म्हणून नोन्ना रोदिओनच्या शेजारी बसली, मध्ये हातभर जागा ठेवून. कुणीतरी खोकून हसू लपवलं.

"चला, देवाचं नाव घेऊन," सावेलिच म्हणाला.

सगळे उठले. पिशव्या खांद्यांवर गेल्या. रोदिओन बसूनच होता.

"आजोबा, उठताय की क्रेन मागवू?" दारातून बचावपटू येफीम ओरडला.

नोन्ना उठायला लागली. रोदिओननं तिची बाही धरली आणि मधली जागा सरकून भरून काढली.

"गुडघा धरला का रे?" सावेलिचनं विचारलं.

"गुडघा बरा आहे, सावेलिच." त्यानं पिशवी बाकाखाली सरकवली. "तुम्ही निघा. मी निरोप द्यायला बसलोय. मी इथंच राहणार."