रंगाऱ्याचा खांदा

लस देणाऱ्याने सुई दंडाच्या मांसात न टोचता वर खांद्याच्या सांध्यापाशीच खुपसली, आणि तेव्हापासून रंगाऱ्याचा उजवा हात कानाच्या वर जाईना. ज्याने उभा जन्म छतं रंगवण्यात घालवला, त्याला आता जेमतेम खिडकीचे गज रंगवता येत. आज भरपाईच्या अर्जाची सुनावणी होती. दुखणं लशीचं की जुनंच, एवढंच काय ते ठरायचं होतं.

सुनावणी घेणाऱ्या मॅडमनी आधी रंगाऱ्याच्या बायकोला विचारलं, "यांचा खांदा पूर्वी दुखायचा का?"

"दुखायचा म्हणजे काय! लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी तेल लावून चेपत आलेय मी," ती मोठ्या तोऱ्यात म्हणाली.

रंगाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगावं तर लाज जाणार, न सांगावं तर भरपाई बुडणार.

त्याला ते दोन खोल्यांचं घर आठवलं. आई-वडील, धाकटी भावंडं, आणि नवी नवरी दिवसभर स्वयंपाकघरात. दोघांनी चार शब्द बोलायची सोय नव्हती. एकदा कामावरून येऊन तो सगळ्यांदेखत कण्हला, "खांदा भरून आलाय." आईनेच सुनेच्या हाती तेलाची वाटी दिली. मग काय, खांदा रोजच भरून यायला लागला! ती चेपत चेपत हळू आवाजात दिवसभराचं सांगायची, आणि हा पठ्ठ्या मधूनमधून विव्हळत ऐकायचा. काय सुखाच्या संध्याकाळी होत्या त्या! पुढे भावंडं पांगली, आई-वडील गेले, घर मोकळं झालं, तरी तेलाची वाटी काही सुटली नाही.

"मॅडम," तो मान खाली घालून म्हणाला, "तेव्हा दुखत नव्हता. ही जवळ बसावी म्हणून सोंग करायचो मी."

"आता काय, असं कुणीही म्हणेल."

"नाही हो, खरंच बोलताहेत," बायको मध्येच म्हणाली. "तेव्हा मी कितीही जोर लावून चेपलं तरी हे घोरायला लागायचे. आता सदरा चढवताना डोळ्यांत पाणी येतं यांच्या. लस घेतल्यापासून हात लावू देत नाहीत."

"मग मघाशी दुखायचा असं का सांगितलंत?"

"जिभेला सवयच झालीय हो. सासूबाईंनाही मी तेच सांगायची." ती नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, "दुखत नाही म्हटलं असतं, तर मलाही उठून जावं लागलं असतं ना."

मॅडमना हसू आलं. जुनं दुखणं नाही, असं नोंदवून त्यांनी अर्ज मंजूर केला. रंगाऱ्याचं तिकडे लक्षच नव्हतं. इतकी वर्षं आपण बायकोला फसवतोय, अशीच त्याची समजूत होती.