गुरम्माचं पाचारण

उदगीरच्या ख्रिस्ती मंडळीत शांतवन मास्तरांच्या शब्दाला वजन होतं. पाळकसाहेब तीन-चार वर्षांनी बदलून जायचे, मास्तर मात्र इथलेच. शाळेत सातवीला शिकवायचे, रविवारी उपासनेत शास्त्रवाचन करायचे, आणि मंडळीचे वडील, म्हणजे निवडून दिलेले पंच, म्हणून सोयरीक असो की भांडण, दोन्हीकडचे त्यांनाच बोलावून न्यायचे. मास्तर खोटं बोलणार नाहीत, असं लोक धरून चालायचे. मास्तरही तसंच धरून चालायचे.

गुरम्मा त्यांची मेव्हणी. मास्तरांची बायको साखराबाई वारली तेव्हा मुलगी वर्षाराणी नऊ वर्षांची होती. तिची वेणीफणी, तिचा ताप, तिचं शाळेचं दप्तर, सगळं या मावशीनंच पाहिलं. गुरम्मा दवाखान्यात नर्स होती. स्थळं आली, तिनं एकेक करून परत पाठवली. कारण विचारलं की नुसती हसायची.

त्र्याण्णवला गणपती बोळवले आणि दुसऱ्या पहाटे जमीन हलली. उदगीरला फळ्यांवरची भांडी पडली, भिंतींना चिरा गेल्या. किल्लारीकडं गावंच्या गावं बसली. तिसऱ्या दिवशी मंडळीचा ट्रक भाकरी, चादरी आणि औषधं घेऊन निघाला, त्यात गुरम्मा होती. आठ दिवसांची रजा टाकून गेलेली बाई आठ महिने राहिली. पहिल्या महिन्यात मदतीला इतके लोक आले होते की एकमेकांच्या पायात यायचे. मग एकेका संस्थेचा तंबू उठला. उन्हाळ्यात शेडचे पत्रे तापायला लागले तेव्हा मोजके लोक उरले होते. तिथं एक म्हातारी होती, घरातलं कुणीच मागं न राहिलेली. तिनं गुरम्माला एकदा विचारलं, तू कधी जाणार? गुरम्मा म्हणाली, इतक्यात नाही. म्हातारी म्हणाली, सगळे असंच म्हणतात, आणि कूस बदलून झोपली. ती गोष्ट गुरम्मानं परत आल्यावर मास्तरांना दोनतीनदा तरी सांगितली असेल.

त्याच्या पुढच्या वर्षी नर्सांचा एक कॅम्प किनवटच्या बाजूला गेला, त्यात गुरम्माही होती. माहूरच्या डोंगरांपलीकडं झाडीत कोलाम आदिवासींचे पोड आहेत, पंधरा-वीस घरांच्या वस्त्या. तिथं एक बाई बाळंतपणात अडली होती. चौघं तिला बाजेवर घालून डांबरी रस्त्याकडं आणत होते, आणि ती वाटेतच गेली. कॅम्प दुसऱ्या दिवशी उठायचा होता, तो ठरल्याप्रमाणं उठला.

तिथून आल्यावर रविवारी उपासना झाली आणि गुरम्मा मास्तरांच्या घरी आली. चुलीपुढं बसून भाकरी थापता थापता म्हणाली, "दाजी, मला तिकडं जाऊन राहायचं हाय. दोन दिसांसाठी न्हाई. कायमचं."

मास्तरांनी विचारलं, हे तुझं दुःख बोलतंय की देव?

"ते मला कसं कळावं? मी रोज इचारून राहिले. रोज तेच उत्तर येऊन राहिलंय. तुम्ही वडील हाव मंडळीचे. तुम्ही पारखून बघा."

मास्तरांनी तिच्याकडं पाहिलं. आवाजात घाई नव्हती, डोळ्यांत पाणी नव्हतं. पाचारण पाचारण म्हणतात, देवाचं बोलावणं, ते असं असतं, हे त्यांना त्याच क्षणी कळलं. दोघांनी गुडघे टेकले. मास्तरांनी मनापासून प्रार्थना केली, आणि आपल्या घरातून कुणीतरी निघणार याचा त्यांना अभिमानही वाटला.

दूरच्या वस्त्यांवर सेवेला माणसं पाठवणारं सुवार्ताकार्याचं एक मंडळ होतं, त्याचं ऑफिस नांदेडला. त्यांची रीत अशी होती की उमेदवारानं वर्षभर तयारी करायची, आणि मग त्याच्या मंडळीच्या वडिलांनी बंद पाकिटात अभिप्राय पाठवायचा. गुरम्मानं तयारी धरली. त्याच सुमारास वर्षाराणी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. लातूरच्या क्लासेसचा तेव्हा सगळीकडं बोलबाला होता. परभणीपासून देगलूरपर्यंतची पोरं लातुरात खोल्या करून राहत होती. सोळा वर्षांची पोर एकटी कशी ठेवायची? गुरम्मानं लातूरच्या एका दवाखान्यात नोकरी धरली आणि मावशी-भाचीनं खोली केली.

त्या वर्षात गुरम्मानं काय काय केलं ते ऐकून मास्तर थक्क व्हायचे. पहाटे उठून पोरीचा डबा करायची, तिला क्लासला घालवायची, मग ड्युटी. एकतिसाव्या वर्षी ती सायकल शिकली; पोडांकडं जायला एसटी नव्हती म्हणून. क्लासच्या पोरी वाटेवर थांबून बघायच्या, आणि ही दोनदा पडली तरी परत चढायची. शनिवारी नांदेडला जाऊन बायबलच्या वर्गाला बसायची. तिथं किनवटकडची धुरपताबाई नावाची कोलाम बाई झाडलोटीला होती, तिच्याकडून ती कोलामी बोलायला शिकत होती. दवाखान्यातल्या जुन्या केसपेपरच्या पाठीमागं शब्द लिहून आणायची आणि भाकरी करताना पुटपुटायची. वर्षाराणी बाजूला बसून केमिस्ट्रीची समीकरणं पाठ करायची.

शहाण्णवच्या मे महिन्यात मंडळाचा फॉर्म मास्तरांच्या नावानं आला. त्यात एक प्रश्न होता: उमेदवाराचं पाचारण पारखलेलं आहे काय?

मास्तर लगेच लिहायला बसणार होते. पण आधी लातूरला एक फेरी करावी म्हणून गेले. वर्षाराणीचं बारावीचं वर्ष तोंडावर होतं. गुरम्मा ड्युटीवर असताना पोरगी म्हणाली, "अप्पा, मावशी जूनमध्ये गेली तर मी पण उदगीरला येते. माझ्यानं एकटीनं व्हायचं न्हाई." ती हट्टानं बोलली नव्हती. खरंच घाबरली होती. तिला डॉक्टर करायचं, हे साखराबाईनं अखेरच्या दुखण्यात मास्तरांकडून वदवून घेतलेलं.

मास्तर परत आले. तीन दिवस फॉर्म टेबलावर पडून होता. एक वर्ष, फक्त एकच वर्ष, असं ते स्वतःला सांगत होते. गुरम्माला सरळ विचारलं असतं तर ती थांबली असती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण मग मागणं आपलं झालं असतं, उपकार तिचा झाला असता, आणि मंडळीच्या वडिलांनी घरच्या सोयीसाठी देवाचं काम अडवलं, हे कुठंतरी उघड झालं असतं. चौथ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या त्यांनी लिहून टाकलं: "उमेदवार प्रामाणिक आहे. परंतु भूकंपग्रस्तांच्या सेवेत तिच्या मनावर आघात झाला असून तिला पाचारण वाटते ते बहुधा त्या दुःखाचे पडसाद आहेत. पाचारण अद्याप स्पष्ट नाही. थांबवावे."

एक वाक्य लिहून भागलं असतं. एवढं पटण्याजोगं कारण कसं सुचलं, याचं पुढं त्यांचं त्यांनाच नवल वाटायचं.

मंडळाचं उत्तर गुरम्माला गेलं. ते भले लोक होते. त्यांनी कुणी काय लिहिलं हे न सांगता समजावणीच्या सुरात कळवलं होतं की तुमचं मन भूकंपाच्या दुःखातून अजून सावरलेलं दिसत नाही, तूर्त थांबावं. ती पत्र घेऊन उदगीरला आली. तिनं विचारलं, दाजी, तुम्हाला काय दिसतं? मास्तर म्हणाले, थांब, देव घाई करत नाही. तिनं मान हलवली आणि संध्याकाळच्या गाडीनं लातूरला परत गेली, कारण सकाळी पोरीचा डबा करायचा होता.

सत्त्याण्णवला वर्षाराणीचा नांदेडला मेडिकलला नंबर लागला. मंडळीनं उपकारस्तुतीची सभा ठेवली. मास्तरांनी गुरम्माला बाजूला घेऊन म्हटलं, आता अर्ज टाक, या वेळी मी चांगलं लिहितो.

ती म्हणाली, "आता काय लिहिता, दाजी. मंडळानं बरोबर ओळखलं. ते दुःखच होतं. मीच त्याला देवाचा आवाज समजून बसले."

त्या वेळी मास्तरांना तोंड उघडता आलं असतं. मांडवात लोक जेवत होते, लोक येऊन त्यांच्या हातात हात देत होते. त्यांनी तोंड उघडलं नाही.

गुरम्मा लातूरलाच राहिली. वर्षाराणीकडं बघून आणखी दोन आयाबापांनी आपल्या पोरी तिच्याकडं ठेवल्या, मग चार जणांनी. नोकरी सुटली आणि मुलींचं होस्टेल झालं. ट्यूशन एरियात गुरम्मा मावशीचं होस्टेल म्हणजे खात्रीचं, असं नाव झालं. कुणाची पोरगी सराव परीक्षेत पडली की गुरम्मा तिच्या उशाशी बसायची. उपासनेला ती न चुकता यायची, पण देवानं आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायला कधी उभी राहिली नाही. कुणी आग्रह केला तर म्हणायची, माझं ऐकणं कच्चं आहे.

डॉक्टर झाल्यावर वर्षाराणीला सरकारी सेवेच्या बाँडच्या वर्षासाठी किनवटकडचं एक आरोग्य केंद्र मिळालं. मास्तर रिटायर झाले होते. आठ दिवस राहायचं म्हणून तिच्याकडं गेले. रोज सकाळी पोडांवरच्या बाया चालत यायच्या आणि पडवीत मुकाट बसायच्या, कारण त्यांचं बोलणं केंद्रात कुणालाच कळायचं नाही. एका दुपारी वर्षाराणी हात धुता धुता म्हणाली, "अप्पा, माझ्यासारखी वर्षाची पाहुणी काय कामाची? इथं मावशीसारखं कुणीतरी कायमचं पाहिजे होतं."

मास्तरांच्या त्या अभिप्रायाचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. मास्तर दुसऱ्या दिवशीच निघाले, नांदेडला गाडी बदलली आणि थेट लातूरला उतरले.

पोरी क्लासला गेल्या होत्या. गुरम्मा ओट्यावर तूर निवडत बसली होती. मास्तरांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्याउभ्याच सांगितलं, फॉर्म कधी आला, तीन दिवस कसे गेले, काय लिहिलं. शब्द न शब्द त्यांना पाठ होता. ती ऐकत होती आणि बोटं तुरीत फिरत होती. मग फिरायची थांबली.

"तुम्ही लिव्हलं ते?"

"मीच."

"मग तुम्हाला खरं काय दिसलं होतं? त्या रविवारी, पारखा म्हणलं तवा?"

"खरं होतं तुझं. त्याच दिवशी दिसलं होतं मला."

गुरम्मानं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "आठ वर्षं मी देवाची माफी मागून राहिले, दाजी. तुझं नाव घेऊन मी खोटं बोलले, असं रोज म्हणून राहिले."

मास्तरांनी क्षमा मागितली. केली, असं ती म्हणाली. ती ते खोटं म्हणाली नसावी. पण वर तिनं एक अट घातली: वर्षाराणीला यातलं कधी सांगायचं नाही. पोरीचा काय दोष, जन्मभर तिला ते खात बसेल. मास्तरांची पोरीजवळ मन मोकळं करायची वाटही तिथंच बंद झाली.

तिनं मंडळाला पुन्हा पत्र टाकलं. त्यांची वयाची अट पस्तीसची, ती चाळिशीची. त्यांनी हळहळून नाही म्हटलं. मग क्लासच्या उन्हाळी सुट्टीत होस्टेल रिकामं झालं की ती स्वतःच किनवटकडं जायला लागली. कोलामी बरीचशी विसरली होती. धुरपताबाई वारली होती. पोडावरच्या बाया तिच्या उच्चारांना हसायच्या आणि मग आपलं दुखणंखुपणं सांगायच्या. जून उजाडला की तिला परतावं लागायचं, पोरींचं वर्ष सुरू व्हायचं. पहिल्या खेपेला मास्तर म्हणाले होते, मीही येतो, सामान उचलायला. ती म्हणाली, नको.

त्या वर्षी मास्तरांनी मंडळीच्या वडीलपणाचा राजीनामा दिला. नव्या पाळकसाहेबांना वाईट वाटलं. त्यांनी कारण विचारलं. घरून निघताना मास्तरांनी ठरवलं होतं की आज सगळं सांगायचं. समोर बसल्यावर ते म्हणाले, आता डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नाही. पाळकसाहेबांनी लातूरच्या एका चांगल्या डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता लिहून दिला. मास्तरांनी तो वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि घरी आले.