धाकटीची वही

“एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मग गाडी चालवायची. मग वहीत लिहायचं. आणि मगच दुसऱ्या गोष्टीला हात.”

अण्णांचं हे सांगणं धाकटीच्या कानात ती सात वर्षांची असल्यापासून मुरलेलं. तेव्हा ती वडिलांच्या गॅरेजच्या पायरीवर बसून पाने पुसून द्यायची आणि अण्णा डोळे मिटून, इंजिनकडे कान करून, स्क्रूचा पाव आटा फिरवायचे. गाडी अशी गुणगुणू लागायची की जाणारा-येणारा थबकून बघे. आता अण्णांचे कान थकले होते. शेजारी हातोडी पडली तरी ती पलीकडच्या गल्लीत पडल्यासारखी वाटे. पण नियम तो नियम. धाकटीने तो कधी मोडला नव्हता. निदान तिला तसं वाटत होतं.

जीप होती डॉक्टरीणबाईंची. बाई रोज सकाळी टेकडीवरच्या दवाखान्यात जायच्या. वर दुसरा डॉक्टर नाही. आणि महिनाभर झाला, जीप अर्ध्या चढावर आचके द्यायला लागलेली. मोठ्या वर्कशॉपने सांगितलं, इंजिनच बदलावं लागेल, गाडी महिनाभर ठेवून जा. महिनाभर दवाखान्याला कुलूप? बाईंचा उतरलेला चेहरा बघून धाकटी बोलून गेली, “मी लॅपटॉप लावून शोधते. मला पुढच्या सोमवारपर्यंत द्या. सोमवारी साडेसहाला जीप तुमच्या दारात.”

बाई गेल्यावर थोरल्या भावाने, दादाने, हात जोडले. “धन्य आहेस. लॅपटॉपने इंजिन बरं होत असेल, तर उद्यापासून आपण इस्त्रीवर चहा ठेवू.”

“ठेव. उतू गेला तर पुसायचं तू,” धाकटी म्हणाली आणि जीपखाली शिरली.

तिने धुराच्या पाइपाला भोक पाडून ऑक्सिजन सेन्सर बसवला. इंजिनच्या पोटात पेट्रोल किती आणि हवा किती जळते, ते हा सेन्सर धुरावरून ओळखतो. एक भाग पेट्रोलला साधारण पावणेपंधरा भाग हवा, हे पोटभर जेवण. आकडा वर गेला की इंजिन उपाशी, खाली आला की अजीर्ण. जीप टेकडीवर नेली, की सेन्सर दर क्षणाचा आकडा लॅपटॉपमध्ये नोंदवी. संध्याकाळी धाकटी ती सगळी नोंद रेघ न् रेघ वाची. चढावर आकडा सोळाच्या वर उडत होता. नेमक्या त्याच जागी इंजिन उपाशी राहत होतं. इंजिनला कधी किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणाऱ्या लॅपटॉपवरच्या तक्त्यातल्या तेवढ्याच चार घरांत तिने थोडं थोडं पेट्रोल वाढवलं. बुधवारी जीप चढ चढली ती लोण्यातून सुरी जावी तशी. वर पोचल्यावर धाकटी एकटीच हसली.

पण उभ्या गाडीत आकडा सतरा. म्हणजे तिथेही उपासमार. तिने तिथेही पेट्रोल वाढवलं. आकडा सतराच. गुरुवारी आणखी वाढवलं. तरी साडेसोळा. शुक्रवारी जीप चढ छान चढली आणि सपाटीवर येऊन उभी राहिली, तशी धडधडून बंद पडली. तीनदा.

दादाने स्पार्क प्लग काढून तिच्यासमोर धरला. काळाकुट्ट, काजळीने माखलेला.

“हे बघ. तुझं यंत्र म्हणतं उपाशी, आणि हिच्या तोंडाला तर काजळ फासल्यागत झालंय. मी बाईंना फोन करतो. मोठ्या वर्कशॉपलाच नेऊ दे. उगाच अण्णांचं नाव जायला नको.”

ते शेवटचं वाक्य धाकटीच्या काळजाला लागलं. “दादा, सोमवार अजून उजाडला नाही,” ती हळूच म्हणाली. “रविवारपर्यंत फोनला हात लावू नकोस. तेवढं माझं ऐक.”

दादाने तिच्याकडे पाहिलं आणि फोन खिशात टाकला.

ती नोंदी घेऊन बसली. प्लग खोटं बोलत नाही, सेन्सर नवा आहे. मग? तिने चार दिवसांच्या नोंदी एकीखाली एक लावल्या. इंजिन जोरात फिरताना सगळं ठीक. आकडा बिघडायचा तो फक्त इंजिन हळू चालताना. हळू चालणारं इंजिन धूर सलग नाही सोडत, धाप टाकल्यासारखं थांबून थांबून सोडतं. आणि त्या दोन धापांच्या मध्ये पाइप कुठून तरी बाहेरची हवा आत ओढत असेल तर? सेन्सर बिचारा खरंच सांगत होता, पण उसन्या हवेबद्दल. आणि ती मात्र भरल्या पोटी इंजिनला वाढत सुटली होती.

तिने वही उघडली. सोमवारच्या पानावर तिच्याच अक्षरात दोन ओळी होत्या. ‘सेन्सर बसवला.’ ‘पाइपाच्या सांध्याची गॅस्केट बदलली.’ एकाच दिवशी दोन गोष्टी! सांध्यातून हवा जाऊ-येऊ नये म्हणून बसवतात ती चकती, म्हणजे गॅस्केट, नवी असली आणि एकदा तापून निवली की बोल्ट पुन्हा आवळायचे असतात. सेन्सरच्या उत्साहात ते राहूनच गेलं होतं.

शनिवारी सकाळी, इंजिन थंडगार असताना, तिने वही अण्णांपुढे ठेवली आणि मोठ्याने म्हणाली, “अण्णा, नियम मोडला मी. सांधा फुंकर मारतोय बहुतेक. तुम्ही बघता?”

अण्णांनी दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं. मग ते जीपपाशी वाकले. गाडी सुरू झाली तशी, पाइप तापायच्या आत, त्यांनी हाताची मागची बाजू सांध्याजवळ धरली आणि डोळे मिटले. अगदी पूर्वीसारखे.

“आहे,” ते म्हणाले. “मांजराच्या श्वासाएवढी.” मग तिच्याकडे वळून, “माझा हात इथे पोचला कारण तू जागा सांगितलीस. मी कानाने शोधत बसलो असतो तर ह्या जन्मी सापडली नसती.”

त्या दिवशी तिने सांध्याशिवाय कशालाच हात लावला नाही. नवी गॅस्केट घातली, तापवली, निववली, पुन्हा आवळली. रविवारी जास्तीचं पेट्रोल काढून घेतलं. उभ्या गाडीत आकडा पावणेपंधरावर आला आणि तिथेच बसला, देवापुढच्या समईसारखा, न हलता. दादाने नवा प्लग चालवून काढला. विटकरी, कोरडा, सुरेख. बराच वेळ तो प्लग बोटांत फिरवत राहिला.

“मग, इस्त्रीवर ठेवतोस ना चहा?” धाकटीने विचारलं.

“ठेवतो बाई. साखर किती ते तुझ्या सेन्सरला विचारून सांग.”

दुपारी समोरचा टायरवाला सहज येऊन टेकला, तर अण्णा त्याला वही दाखवत होते. स्वतःला ऐकू न येणारा माणूस बोलतो तसं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. “चूक केली तीही लिहून ठेवली हिने. बघ, खोडलेलं नाही. म्हणून सापडली. माझ्या वह्यांत एवढा खरेपणा नव्हता रे.” आत पाने पुसत असलेल्या धाकटीने मान खालीच ठेवली. पण त्या दिवशी पाने दोनदा पुसले गेले.

सोमवारी सहाला अण्णांनी गॅरेजचं दार सरकवलं. रस्ता अजून ओला होता, झाडलोट नुकतीच झालेली. धाकटीने वहीत तारीख घातली, खाली ‘जीप परत’ एवढी एकच ओळ लिहिली आणि वही शेजारच्या सीटवर ठेवली. इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू झालं. अण्णांनी बॉनेटवर तळहात ठेवला, क्षणभर तसाच राहू दिला, आणि मान हलवून बाजूला झाले.

तिने हॉर्न वाजवला नाही. जीप हळूच रस्त्यावर घेतली आणि डॉक्टरीणबाईंच्या घराकडे वळवली.