प्रार्थनेची साखळी

हॅडली फोर्क या गावातल्या चर्चमधल्या बायकांची प्रार्थनेची साखळी टेलिफोनवर चालायची. कुणाचं ऑपरेशन असो की कुणाचा पोरगा दारूच्या नादी लागलेला असो, नोरीन प्रूइट पहिला फोन करायची, मग दुसरीनं तिसरीला, तिसरीनं चौथीला. कुणाच्या घरात काय शिजतंय हे देवाच्या आधी साखळीला कळायचं. तरी त्याला चहाड्या म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण शेवटी 'आमेन' असायचं. साखळीतली शेवटची बाई आर्लीन टॅकेट. निरोप वाटेत बदलला नाही ना हे पाहायला शेवटचीनं उलटा नोरीनला फोन करायचा आणि तो जसाच्या तसा म्हणून दाखवायचा, असा नियम होता.

आर्लीन गावच्या हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवायची. रविवारी चर्चमध्ये लहान मुलांना नोहाच्या नावेची गोष्ट सांगायची आणि सोमवारी वर्गात उत्क्रांती. इतक्या वर्षांत या दोघींचं तिच्या डोक्यात कधी भांडण झालं नव्हतं. ते लावलं शाळा मंडळानं. मंडळाचा ठराव असा, की उत्क्रांतीचा धडा सुरू करण्याआधी मुलांना एक निवेदन वाचून दाखवायचं: उत्क्रांती हा नुसता अंदाज आहे, सजीवांची गुंतागुंत पाहता त्यामागे कुणा बुद्धिमान रचनाकाराचा हात असावा, तेव्हा मुलांनी मन खुलं ठेवावं. रचनाकाराचं नाव मुद्दाम घातलं नव्हतं. सरकारी शाळेत देवाचं नाव घातलं की प्रकरण कोर्टात जातं, एवढी अक्कल मंडळाला होती. ठराव मांडणारी होती मंडळावर बसणारी नोरीनच.

आर्लीननं आपण हे वाचणार नाही म्हणून कळवून टाकलं. भौतिकशास्त्र शिकवणारा कर्ट आधी तिच्या बाजूनं तावातावानं बोलला. मग त्याला आठवलं, की आपल्याला तर उत्क्रांती शिकवावीच लागत नाही.

नोकरीची तिला फारशी धास्ती नव्हती. धास्ती होती घरची. तिचा नवरा वेंडेल गेल्या वर्षी अर्धांगानं पडला. उजवी बाजू गेली, बोलणं एकदोन शब्दांवर आलं, घास घशात अडकायचा, त्यामुळे घटकाभरही एकटं सोडायची सोय नव्हती. पगारी नर्स परवडणारी नव्हती. चर्चच्या बायका पाळीपाळीनं येऊन बसायच्या, म्हणून आर्लीनला शाळेत जाता येत होतं. मंगळवार नोरीनचा. ती भजनं म्हणायची, आणि ज्याला धड पाणी मागता येत नव्हतं तो वेंडेल तिच्याबरोबर ओळीच्या ओळी गायचा. त्यासाठी आर्लीन नोरीनला काहीही माफ करायला तयार होती.

निवेदन मंगळवारी वाचायचं होतं. सोमवारी संध्याकाळी फोन वाजला. पलीकडे मिस ओपल. ऐंशी उलटलेली, ऐकायला फार कमी येणारी, त्यामुळे समोरून कोण बोलतंय हे न ऐकता ती निरोप घडाघडा म्हणून टाकायची.

"ओपल बोलतेय गं. आर्लीन टॅकेटसाठी प्रार्थना करायचीय. देवानं तिचं मन वळवावं. आणि ती तो कागद वाचत नाही तोवर वेंडेलकडं बसायला कुणी जायचं नाही. रागानं नव्हे हं, प्रेमानं. पुढं कळव."

फोन ठेवला गेला. या खेपेला आर्लीनला वगळायचं ठरलेलं असणार, पण म्हातारीची बोटं सवयीनं तिचाच नंबर फिरवून मोकळी झाली होती. आर्लीनला आधी हसू आलं. मग हे प्रेम आठवून अंगाचा तिळपापड झाला. याच ओपलचं कंबरेचं हाड मोडलं तेव्हा आर्लीननंच तिला आंघोळी घातल्या होत्या. तिनं नियमाप्रमाणे नोरीनचा नंबर लावला आणि सगळा निरोप, 'प्रेमानं'सकट, म्हणून दाखवला.

नोरीननं तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाली, "तुला फोन जायला नको होता."

"गेला खरा. काही गाळलं नाही ना मी?"

"आर्लीन, मला काय हौस आलीय का? माझी नात तुझ्या वर्गात आहे. देवानं केलं ते आपोआप झालं म्हणून शिकून येते आणि जेवताना मला हसते. एक मिनिट लागतं गं वाचायला. वाचते म्हण, आणि सकाळी मी स्वतः येऊन वेंडेलला भरवते."

"तू चर्चमध्ये हवं ते बोल, शेजारी बसून आमेन म्हणीन. पण विज्ञान म्हणून ते माझ्या तोंडून वदवू नकोस. आणि नाहीच वाचलं तर?"

"तर आम्ही प्रार्थना करूच," नोरीन म्हणाली.

सकाळी कुणी आलं नाही. आर्लीन कोट घालून खिडकीशी उभी राहिली, शाळेची बस गेली तशी कोट काढून बसली. येऊ शकत नाही म्हणून मुख्याध्यापकांना फोन केला. ते नको इतक्या गोड आवाजात काळजी करू नका म्हणाले. दुपारी कर्टचा फोन आला. त्याचा तास मोकळा होता, म्हणून त्यालाच तिच्या वर्गावर पाठवलं होतं, आणि निवेदन त्यानं वाचलं होतं. कुणीतरी वाचणारच होतं, तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, मुलांचं तर लक्षही नव्हतं. आर्लीननं ऐकून घेतलं. मंडळाला निवेदन तिच्याच तोंडून हवं असं नव्हतंच, ती वर्गात नसली की काम भागत होतं. एवढी साधी गोष्ट आपल्याला काल उमगू नये, याचा तिला सगळ्यात जास्त राग आला.

वेंडेलचं लक्ष सकाळपासून दाराकडे होतं. ती मऊ लापशी करून त्याला चमच्यानं भरवायला बसली, तर त्यानं तोंड फिरवलं.

"नोरीन?" त्यानं विचारलं.

"आज नाही येणार ती. तुझ्यामाझ्यासाठी प्रार्थना करतेय."

वेंडेलनं ते नीट समजून घेतलं. मग त्याचं अर्धं तोंड हसलं. पुढचे शब्द काढायला त्याला फार कष्ट पडले, पण त्यानं ते काढले.

"चांगली... बाई."

"हो," आर्लीन म्हणाली, आणि चमचा पुन्हा त्याच्या ओठांशी नेला.