गोपिकाबाईंनी काढलेलं वर्तुळ

मित्रांनो, मी धरमपेठेतल्या एका कॉलेजचा जुना फळा आहे. सागवानी आहे म्हणून अजून तग धरून आहे, नाहीतर केव्हाच चुलीत गेलो असतो. सुतारानं मला रंधा मारला, काळा रंग चढवला आणि मला तर्कशास्त्राच्या वर्गात टांगलं. बाकीच्या फळ्यांच्या नशिबी गणितं आली, माझ्या नशिबी विचार करणं आलं. केवढा मिरवलो मी तेव्हा!

महादेवराव सर शिकवायचे. माझ्यावर मोठं वर्तुळ काढून त्यात 'फळं' लिहायचे, त्याच्या आत छोटं वर्तुळ, 'संत्री'. सर्व संत्री फळं असतात, पण म्हणून सर्व फळं संत्री होत नाहीत, समोर पेरू आला तर काय कराल, असं विचारायचे. मुलं हसायची. सरांचं गावभर कौतुक होतं. माझी कदर मात्र एकट्या गोपिकाबाईंना होती. त्या कंत्राटी शिपाई, हुडकेश्वरहून दोन बस बदलून यायच्या. तास संपला की ओल्या फडक्यानं मला पुसायच्या, पण आधी वाचायच्या. बावीस वर्षं वाचलं त्यांनी. बाई, काय समजलं, असं कुणी कधी विचारलं नाही.

गेल्या मार्चात परीक्षेच्या पेपरांचा लिफाफा कपाटातून गायब झाला. कुलूप शाबूत होतं. सरांनी माझ्यासमोर, बाईंच्या देखतच प्राचार्यांना पटवून दिलं: नेणाऱ्याकडे किल्ली असणार, गोपिकाबाईंकडे किल्ली आहे, म्हणजे त्यांनीच नेला. प्राचार्यांनी मान डोलावली आणि कामावरून काढल्याचं पत्र टाइप करायला ते निघून गेले. काय म्हणावं या शहाणपणाला! पहिल्या वर्षाच्या पोरानं हे लिहिलं असतं तर सरांनीच त्याला भोपळा दिला असता.

गोपिकाबाई रडल्या नाहीत. त्यांनी खडू उचलला. वर्तुळ वाकडंतिकडं आलं.

"सर, हा किल्लीवाल्यांचा गोल. चोर यातच आहे, मान्य. मी बी यातच आहो. मंग मी चोर कशी झाली? यात तर तुम्ही बी आहा."

सरांनी वर्तुळ पाहिलं. त्यांना कळलं होतं, मी शपथेवर सांगतो. मग हळूच म्हणाले, "पुसा ते."

आणि बाईंनी पुसलं. नेहमीसारखं, कोपऱ्यांसकट.

तीन दिवसांनी लिफाफा त्याच कपाटात, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली सापडला. चला, मिटलं एकदाचं, असं सर म्हणाले. कुणाचं मिटलं? बाईंच्या जागी दुसरी बाई आधीच रुजू झाली होती. यंदा तर्कशास्त्राला मुलंच आली नाहीत, म्हणून मला जिन्याखाली टाकलंय. त्याचं मला दुःख नाही. त्या भिंतीवर परत टांगलं तरी माझं मन रमणार नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. तुम्ही एवढंच करा: आपली चूक कळली की जिच्यावर अन्याय केला, तिच्या दारात जाऊन ती कबूल करा. हुडकेश्वर काही सातासमुद्रापार नाही. सर अजून तिथं गेलेले नाहीत.